दाऊदचाचा खोलीत येतो

नारायण सुर्वे यांच्या कवितेवर लिहिताना समीक्षक कामगार, संप आणि मार्क्स या शब्दांवर फार लवकर येऊन थांबतात. त्यांचा पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) अलीकडे पुन्हा हाती घेतला, तो मुद्दाम त्यातला निसर्ग आणि प्रेम शोधण्यासाठी. 'दोन दिवस' या कवितेत चंद्र आहे, तारे आहेत, धुंद रात्रही आहे. मात्र चंद्राला भाकरीचा आकार आला आहे. परळ-लालबागच्या माणसाला चंद्र दिसत नव्हता असे नाही. रात्रपाळी सुटायची तेव्हा तो डोक्यावरच असायचा, वर पाहायला सवड नव्हती. म्हणून ही कविता निसर्ग नाकारत नाही, तो राहून गेल्याची हळहळ नोंदवते. प्रेमाचेही तसेच.

आपल्याला सुर्व्यांकडे आणखी एका वाटेने जाता येते. गिरणगाव म्हटले की कोकण-घाटावरचा कामगार डोळ्यांपुढे येतो. मदनपुऱ्यातले, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकरही गिरण्यांच्या मागांवर उभे होते, याची आठवण मराठी कवितेने फारशी ठेवली नाही. सुर्व्यांकडे मात्र मुसलमान शेजारी म्हणून येतो. 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहाच्या शीर्षककवितेत याकूब दंगलीत जातो, तेव्हा कवीचा शोक घरातले माणूस गेल्यासारखा आहे. 'शीगवाला'मधला दाऊदचाचा तर थेट खोलीत शिरतो आणि पोरगा काय लिहितोय ते विचारतो. पोरगा अक्षरे जुळवत नाही, 'हर्फ' जुळवतो. चाचाच्या प्रश्नाला चाचाच्याच शब्दात उत्तर! दाऊदची धेडगुजरी बोलीही कवी सुधारून घेत नाही. मुसलमान पात्राला हसण्यापुरती मोडकी मराठी देणाऱ्या आपल्या नाटक-सिनेमांशी हे ताडून पाहावे.

तरीही एक तक्रार उरते. याकूब आणि दाऊद, दोघांचीही कथा दंगलीच्या दारातून आत येते. एकजण मरतो, दुसरा कवीच्या आईला, काशीबाईंना, जमावातून वाचवताना पाय गमावतो. मुसलमानाचा चांगुलपणा सिद्ध व्हायला त्याचा पायच जावा लागतो का? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ची मुंबई पाहिलेल्या वाचकाला हा प्रश्न टाळता येत नाही. सुर्व्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. रस्त्यावर टाकलेल्या ज्या पोराला गंगाराम आणि काशीबाई या गिरणी कामगारांनी उचलून आपले नाव दिले, तो रक्ताच्या नात्यावर विश्वास ठेवील कसा?

पण दाऊदच्या घरात त्या रात्री चूल पेटली होती का, त्याची बीबी त्याला काय म्हणून हाक मारायची, पाय गेल्यावर तिने काय केले, हे या कवितेत नाही. दाऊद कवीच्या खोलीत येऊन बसतो, घाम पुसतो, बोलतो. कवी त्याच्या खोलीत जात नाही.