इंग्लिश फुटबॉल क्लबांची मालकी आणि वित्तीय नियमन : एक चिकित्सा

इंग्लंडमधील फुटबॉल क्लब कायद्याच्या दृष्टीने बहुधा कंपनी असला, तरी गावाच्या जीवनात त्याचे स्थान सार्वजनिक संस्थेसारखे असते. या दुहेरी स्वरूपातील विसंगती बरी क्लबच्या उदाहरणातून स्पष्ट होते. १८८५ मध्ये स्थापन झालेला आणि १९०० व १९०३ मध्ये एफ. ए. कप जिंकणारा हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला गेला. पुरेशा निधीचा पुरावा न मिळाल्याने ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगने त्याची हकालपट्टी केली. व्यवहार आधी आणि चौकशी नंतर, हा या प्रकरणातील मूलभूत दोष होय. मालकाच्या अपयशाची शिक्षा समर्थकांना भोगावी लागली.

ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समीक्षेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली. तिची परिणती २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्यात झाली. त्यानुसार पुरुष फुटबॉलच्या वरच्या पाच स्तरांतील क्लबांना परवाना घ्यावा लागेल. मालकाचा प्रामाणिकपणा, आर्थिक क्षमता आणि संपत्तीचा स्रोत तपासला जाईल. मैदान विकण्यावर किंवा ते तारण ठेवण्यावरही नियंत्रण राहील. बरीसारख्या प्रकरणात नेमकी याच तरतुदींची उणीव होती.

तथापि, हा कायदा मालकाची पात्रता तपासतो. मालकीची रचना बदलत नाही. जर्मनीत १९९८ पासून लागू असलेल्या ‘५०+१’ नियमाने, काही अपवाद वगळता, बहुसंख्य मताधिकार सभासदांच्या संस्थेकडे ठेवला आहे. इंग्लंडमध्ये समर्थकांशी सल्लामसलत बंधनकारक झाली, परंतु निर्णयाधिकार मालकाकडेच राहिला.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्वतंत्र झाल्यानंतर प्रक्षेपण-उत्पन्नातील दरी रुंदावत गेली. वरच्या स्तरावर पोहोचण्याच्या ईर्षेने खालचे क्लब उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करतात. म्हणजेच बेशिस्तीचे मूळ केवळ मालकाच्या स्वभावात नसून उत्पन्नाच्या वाटपातही आहे. या वाटपात नियामकाचा हस्तक्षेप मात्र लीगमध्ये समझोता न झाल्यासच, अखेरचा उपाय म्हणून, अपेक्षित आहे.

सारांश, अपात्र मालकाला रोखणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. पात्र मालकालाही अविवेकी खर्चाकडे ढकलणारी व्यवस्था कायम राहिल्यास परवाना हा केवळ कागदोपत्री उपचार ठरेल. या कायद्याचे खरे मूल्यमापन वाटपाच्या प्रश्नावरच करावे लागेल.