पदरावरील रविवर्मा

हैदराबादचे वस्त्रकार गौरांग शहा यांनी राजा रविवर्मा यांची चित्रे खादीच्या साड्यांच्या पदरावर जामदानी विणीने उतरविली. 2019 साली, महात्माजींच्या 150व्या जयंतीच्या निमित्ताने, ती मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात मांडण्यात आली. 1937 मध्ये साल्व्हादोर दाली यांनी एल्सा स्कियापारेल्ली यांच्या पांढऱ्या झग्यासाठी शेवंडाचे चित्र योजिले, तेव्हा चित्रकार आणि वस्त्रकार समोरासमोर होते. येथे चित्रकार 1906 मध्येच निवर्तलेला! मग हे सहकार्य कोणाचे? आमच्या मते ते मुख्यतः विणकराचे आहे. जामदानीत नक्षीचा जादा धागा हाताने भरावा लागतो; छटा बदलली की धागा बदलावयाचा. तैलरंगात सहज मिसळून जाणारी छाया मागावर मोजून घ्यावी लागते. त्यात मुखावरील मार्दव काहीसे उणावणारच. या श्रमाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. आमची शंका निराळी आहे. नऊवारी नेसलेल्या नायिका रंगविताना रविवर्मा यांनी वस्त्राच्या चुण्यांतूनच देहाला डौल दिला. आता तीच नायिका पदरावर आली. पदर खांद्यावर घेतला की ती दुमडते, आणि अखंड पाहावयाची तर साडी नेसावयाची नाही. चित्राने वस्त्राच्या घडीशी तडजोड करावयास हवी होती. ती येथे पुरेशी झालेली नाही.