सच्चर अहवाल : एक वाचन

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, तेव्हा चर्चा झाली ती शिक्षण व नोकऱ्यांच्या कोष्टकांची. आम्हांस मात्र त्यातील मतदारसंघांविषयीचा मजकूर अधिक मोलाचा वाटतो. उत्तर प्रदेश, बिहार व पश्चिम बंगालमध्ये मुसलमानांची वस्ती मोठी असलेले कित्येक विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव असल्याचे समितीने दाखविले. १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश मुसलमानांस त्या सूचीबाहेर ठेवतो. म्हणजे तेथे त्यांनी मत द्यावे, उमेदवारी मागू नये! आसामातील करीमगंज लोकसभा मतदारसंघ २०२३च्या पुनर्रचनेपर्यंत असाच होता. मुसलमानांच्या निवडणुकांवरील अविश्वासास भावनिक म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्याचे एक मूळ असे नकाशात आहे.

उणीव एकच, पण मोठी. निवडून गेलेल्या मुसलमान सदस्यांनी काय केले, याचा हिशेब अहवाल मांडीत नाही. (ज्यांच्यापुढे अहवाल ठेवावयाचा त्यांच्याविषयी लिहू नये, हा शिरस्ता आम्हीही नोकरीत पाळला.) लोकसभेत १९८० साली ४९ मुसलमान खासदार होते, २०२४ साली २४ निवडून आले. ही घट गंभीर खरीच. परंतु अहवालाने मोजलेले मागासलेपण त्या ४९ जणांच्या काळातही साठतच होते.