दोन नंबरचं पुण्य

प्रेमभंग झालेल्या माणसाने कसं वागावं याबद्दल आपल्या गाण्यांत एक शिस्त आहे. त्याने प्रथम लय संथ करावी. मग सतारीचा एक तुकडा वाजू द्यावा, तेवढ्या वेळात खिडकीशी जाऊन उभं राहावं, आणि चंद्र उगवलेला असल्यास त्याला उद्देशून, नसल्यास त्याच्या नसण्याला उद्देशून गायला सुरुवात करावी. ऐकणाऱ्यानेही हातातली कपबशी आवाज न करता खाली ठेवायची असते. या शिस्तीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला 'लास्ट ख्रिसमस' हे इंग्रजी गाणं पहिल्यांदा भेटतं तेव्हा तो जरा गांगरतो. गाणारा मुलगा मनातून रडतोय हे उघड आहे, पण मागे मिनिटाला एकशे आठच्या आसपास ठोके पडताहेत, आणि वर घुंगरं! आपल्याकडे रडतराऊला घोड्यावर बसवतात. इंग्लंडात बर्फ पडत असल्यामुळे त्यांनी त्याला घोड्यामागच्या घसरगाडीत बसवला, इतकंच.

हकिकत चार ओळींची आहे. गेल्या नाताळात एका मुलाने आपलं काळीज एका मुलीला भेट दिलं, आणि तिने ते एक दिवससुद्धा ठेवून घेतलं नाही. यंदा पुन्हा नाताळ आलाय. हा पठ्ठ्या आता जाहीर करतोय की या वर्षीची भेट आपण पारखून, लायक व्यक्तीलाच देणार. आणि हे सांगतोय कोणाला? तर त्याच मुलीला. आमच्या शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. त्यांना मी हा मथितार्थ सांगितला तर ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे अपात्री दान!" गीतेच्या सतराव्या अध्यायात, दान करताना देश, काळ आणि पात्र पाहावं असं सांगितलं आहे. या मुलाने देश पाहिला, काळ तर असा पाहिला की थेट नाताळचा मुहूर्त साधला. पात्र तेवढं पाहायचं राहिलं.

गाणं लिहिणारा जॉर्ज मायकल तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होता. 'व्हॅम!' नावाची दोघांची जोडी. दुसरा त्याचा शाळासोबती अँड्र्यू रिडगेली. १९८४ सालच्या फेब्रुवारीत हे दोघे जॉर्जच्या आई-वडिलांच्या घरी टीव्हीवर फुटबॉल पाहत बसले होते. जॉर्ज मधेच उठून माडीवर गेला, आणि खाली आला तो गाणं घेऊनच. रिडगेली मॅच बघत राहिला. (माणसाने कोणत्या वेळी जागेवरून उठू नये हे त्याला ठाऊक होतं. जगातल्या अनेक यशस्वी जोड्या या एका गुणावर टिकल्या आहेत.) ऑगस्टमध्ये लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. भर उन्हाळ्यात नाताळचं वातावरण यावं म्हणून स्टुडिओला नाताळची सजावट केली होती. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपले कथालेखकही दिवाळी अंकातली आकाशकंदिलाची कथा मे महिन्यात, बनियनवर बसूनच लिहितात.

वाद्यं सगळी जॉर्जने स्वतः वाजवली. आता, 'स्वतः वाजवली' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोणी पट्टीचा वादक येतो. हा गृहस्थ कीबोर्डवर दोन-तीन बोटांनी, टंकलेखनाच्या परीक्षेला बसल्यासारखा, एकेक पट्टी शोधत वाजवत होता. साथीला ठोके देणारं यंत्र आणि घुंगरं. अख्ख्या गाण्यात कॉर्ड्स चार. मुखड्याला त्याच चार, अंतऱ्यालाही त्याच चार. जाणकार नाक मुरडतात ते इथे, आणि मला गाणं आवडायला लागतं तेही इथेच. कारण शब्दांत हा मुलगा सांगतोय की मी आता शहाणा झालो, तुझा नाद सोडला, यंदा दुसरीकडे बघणार. आणि सूर मात्र घाण्याच्या बैलासारखे त्याच चार पावलांवर फिरताहेत. अंतरा आला की आपल्याला वाटतं, आता तरी हा कुठे वळेल. छे! पुन्हा त्याच खुंट्याभोवती. तोंडाने 'विसरलो' म्हणणारा माणूस विसरलेला नाही, हे त्याच्या चालीने परस्पर सांगून टाकलंय. दोन बोटांच्या पेटीवाल्याला हे जमलं आणि दहा बोटांच्या कित्येकांना जमत नाही, याला कला म्हणावं की योगायोग, यावर मी वाद घालणार नाही. ऐकताना फरक पडत नाही.

या गाण्याची फिल्म स्वित्झर्लंडमधल्या सास-फे गावच्या बर्फात काढली आहे. मित्रमैत्रिणींचा घोळका सुट्टीला जातो. जॉर्जची जुनी प्रेयसी आता रिडगेलीबरोबर आलेली आहे. आणि गेल्या नाताळात जॉर्जने तिला दिलेला ब्रोच यंदा दिसतो कुठे? तर रिडगेलीच्या कोटावर! इथे मराठी प्रेक्षकाच्या काळजाला जो हात घातला जातो तो इंग्रज प्रेक्षकाच्या घातला जात असेलसं वाटत नाही. आपण एखाद्याच्या लग्नात दिलेला लेमन सेट दोन वर्षांनी तिसऱ्याच लग्नात, त्याच गुलाबी कागदात, आहेराच्या टेबलावर भेटण्याचं दुःख ज्याने भोगलंय त्यालाच जॉर्जचा चेहरा कळेल. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर देणाराचं नाव घालून घेतात ते उगाच नाही. ब्रोचवर नाव घालायची सोय नव्हती, आणि काळजावर तर नसतेच.

तर असं हे गाणं १९८४च्या डिसेंबरात बाजारात आलं. सगळ्यांची खात्री होती की नाताळच्या आठवड्यात हेच पहिल्या नंबरवर जाणार. इंग्लंडात नाताळचा पहिला नंबर म्हणजे एस.एस.सी.चा बोर्डात पहिला. पण त्याआधी, २३ ऑक्टोबरला, बीबीसीवर मायकेल बर्क या वार्ताहराने इथिओपियातल्या कोरेमहून दुष्काळाचं वार्तापत्र दिलं होतं. हाडांचे सापळे झालेली माणसं, कापडात गुंडाळलेली पोरं. ते बघून बॉब गेल्डॉफ या गायकाची झोप उडाली. त्याने मिज यूरला हाताशी धरून एक गाणं रचलं, आणि २५ नोव्हेंबरच्या एका दिवसात झाडून सगळे नामवंत गायक एका स्टुडिओत कोंबून ते गाऊन घेतलं. 'डू दे नो इट्स ख्रिसमस?' एकट्या इंग्लंडात तीस लाखांवर प्रती खपल्या. सरकारने आधी त्यावरचा व्हॅट सोडायला नकार दिला, मग बोंबाबोंब झाल्यावर तेवढीच रक्कम देणगी म्हणून परत केली. सरकार कुठलंही असो, त्याचा डावा हात उजव्या हाताकडून आधी पावती मागतो.

हे गाणं पाच आठवडे पहिल्या नंबरवर बसलं, आणि 'लास्ट ख्रिसमस' त्याच्या खाली दुसऱ्या. आता गंमत अशी, की पहिल्या नंबरच्या त्या घोळक्यातही जॉर्ज मायकल होताच. म्हणजे या माणसाने वर उभं राहून खाली उभ्या असलेल्या स्वतःलाच वर येऊ दिलं नाही. त्यावरही त्याने कडी केली. आपल्या दुसऱ्या नंबरच्या रेकॉर्डची रॉयल्टीसुद्धा व्हॅमने इथिओपियाच्या दुष्काळनिधीला देऊन टाकली. एका मुलीने परत फिरवलेल्या काळजाची रक्कम धान्याच्या पोत्यांकडे वळली. आपल्याकडे दोन नंबरचा म्हटलं की पैसा आठवतो. हे दोन नंबरचं पुण्य.

ही दोन गाणी शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. दोन्ही एकाच महिन्यातली, दोन्हींचा पैसा एकाच दुष्काळाकडे गेलेला, एक गळा दोन्हींत सामाईक. एक गाणं दानाविषयीच आहे. दुसऱ्यात दानाचं नावसुद्धा नाही, नुसतं आपलं 'माझं काय झालं बघा'. धर्मादाय आयुक्तांनी निकाल द्यायचा तर तो पहिल्याच्या बाजूने जाईल. मी दुसऱ्याच्या बाजूने देतो.

कारण पहिल्याचे शब्द आज ऐकवत नाहीत. आफ्रिकेत म्हणे पाऊस नाही, नद्या नाहीत, काही उगवत नाही. अहो, निळी नाईल निघते ती इथिओपियातल्या ताना सरोवरातून! आणि बिचाऱ्यांना नाताळ आल्याचं माहीत तरी आहे का, असा प्रश्न ज्यांच्याबद्दल विचारलाय त्या देशात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकात राजधर्म झाला. इंग्लंडातले लोक तेव्हा काय करत होते हे विचारू नये. गाण्यात देणारे सगळे ऊबदार खोलीत, आणि घेणारे एका न संपणाऱ्या वाळवंटात, नाव नसलेले. हेतूबद्दल मला शंका नाही. पण ओंजळीत धान्य घालताना समोरच्याची मान खाली दाबण्याची जी सवय दात्यांना असते ती या गाण्याला आहे. १९८९, २००४, २०१४ अशी त्याची आवर्तनं झाली. २०२४ साली चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने जुने आवाज एकत्र करून ते पुन्हा काढलं, तेव्हा २०१४च्या आवृत्तीत गायलेल्या एड शीरननेच सांगितलं की मला विचारलं असतं तर माझा आवाज वापरू दिला नसता. यावर गेल्डॉफचं म्हणणं असं, की या एका गाण्याने लाखो माणसं जगली. तेही खोटं नाही. भुकेला माणूस पोत्यावरची कविता वाचत नाही. पण पोतं रिकामं झाल्यावर कविता उरते, आणि समीक्षकाला तीच वाचावी लागते.

'लास्ट ख्रिसमस'मध्ये केविलवाणा कोण आहे? देणारा. हात पुढे करून उभा राहिलेला, फजीत झालेला, आणि तरीसुद्धा पुढच्या वर्षी पुन्हा द्यायला निघालेला. घेणाऱ्याला त्यात कोणी खाली बसवलेलं नाही. म्हणून त्याची रक्कम दुष्काळाकडे गेली तरी गाणं ओशाळलं नाही.

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात चार पंखे आहेत. प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर देणाराचं नाव, त्याच्या कै. वडिलांचं नाव आणि साल लाल रंगात लिहिलेलं आहे. नाव नीट वाचता यावं म्हणून की काय, पंखे सावकाश फिरतात. मारुती उकाडा सोसतो. हे पंखे पाहत असताना मला जॉर्ज मायकल आठवतो असं म्हटलं तर पुजारी हाकलून देईल, पण आठवतो खरा. २०१६ साली, नेमका २५ डिसेंबरला, त्रेपन्नाव्या वर्षी तो गेला, आणि मग एकेक झाकलेली मूठ उघडू लागली. 'जीझस टू अ चाइल्ड' या १९९६च्या गाण्याची रॉयल्टी त्याने मुलांच्या मदतीसाठी चालणाऱ्या चाइल्डलाइन संस्थेला दिली होती, मात्र कुठे बोलायचं नाही या अटीवर. टीव्हीवरच्या एका बक्षिसांच्या कार्यक्रमात एक बाई म्हणाल्या होत्या की मूल होण्याच्या उपचारांसाठी आपल्याला पंधरा हजार पौंड हवेत. दुसऱ्या दिवशी याने गुपचूप फोन करून तेवढे दिले. २००६ साली, आईची शुश्रूषा ज्यांनी केली त्यांची आठवण ठेवून, त्याने लंडनला फक्त परिचारिकांसाठी फुकट जलसा केला होता. तोही नाताळच्याच दिवसांत.

म्हणजे पात्र पाहायला तो पुढे शिकला. पंख्यावर नाव घालायला नाही शिकला.

२०१९ साली गाण्याच्या नावाचाच एक सिनेमा निघाला. लिहिण्यात एमा थॉम्पसनचा हात होता. त्यात काळीज देण्याची गोष्ट शब्दशः घेतली आहे. नायिकेच्या छातीत आदल्या नाताळात बसवलेलं हृदय हे ज्याच्याशी ती हिंडते-फिरते त्या नायकाचंच निघतं, म्हणजे तो गृहस्थ हयातच नसतो! सिनेमा म्हणून मला तो फार साखर घातलेल्या कॉफीसारखा वाटला. पण कल्पना मात्र पटली. काळीज द्यायचं तर असं द्यावं की दुसऱ्या दिवशी परत फिरवायची सोयच राहू नये.

एवढं सगळं झालेल्या गाण्याशी इंग्रज आता लपंडाव खेळतात. माझा एक भाचा लेस्टरला असतो. त्याने सांगितलं की 'व्हॅमागेडन' नावाचा खेळ आहे. १ डिसेंबरपासून २४च्या मध्यरात्रीपर्यंत हे गाणं कानावर पडू द्यायचं नाही. मूळच्या आवाजात पडलं की बाद, दुसऱ्या कोणी गायलेलं चालतं. सोवळ्याओवळ्याचे नियम माहीत असलेल्या माणसाला हे लगेच कळतं. २०२३च्या डिसेंबरात नॉर्थॅम्प्टनच्या फुटबॉल मैदानावर तिथल्या रेकॉर्ड लावणाऱ्याने हे गाणं वाजवलं आणि सात हजार प्रेक्षक एका झटक्यात बाटले. त्याला माफी मागावी लागली. भाचा मला दरवर्षी एका शब्दाचा निरोप पाठवतो, "मेलो." तारीख सहसा ४ किंवा ५.

आणि इतके लोक कानात बोटं घालून हिंडत असताना गाणं वर वर चढतच राहिलं. जानेवारी २०२१च्या पहिल्या यादीत, छत्तीस वर्षांनी, ते एकदाचं पहिल्या नंबरवर गेलं, पण तोवर नाताळ उलटून गेला होता. नाताळचा पहिला नंबर मिळाला २०२३ साली, आणि पाठोपाठ २०२४ साली पुन्हा. बघायला जॉर्ज नव्हता. रिडगेली होता.

इथिओपियात नाताळ येतो तो ७ जानेवारीला. तोपर्यंत इंग्लंडातली झाडं उतरवून झालेली असतात, दिव्यांच्या माळा गुंडाळून माळ्यावर गेलेल्या असतात, आणि त्यांच्याबरोबर हे गाणंही, पुढच्या डिसेंबरपर्यंत.