काळी आई कोणाची?

ग्रामीण साहित्याची चर्चा निघाली की आपले समीक्षक एक वाक्य हमखास उच्चारतात : शेतकऱ्याची मातीवर निष्ठा असते, जमीन ही त्याची काळी आई असते. या वाक्यातला शेतकरी एकवचनी असतो आणि त्याची मूल्येही एकवचनीच असतात. या एकवचनालाच माझी हरकत आहे. एकाच शिवारात राबणाऱ्या माणसांची मूल्ये एक नसतात. जमिनीशी ज्याचे जसे नाते, तशी त्याची मूल्ये घडतात.

आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. नारबा हा सालगडी. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि हा गोतावळा मोडतो. यंत्राने कृषिसंस्कृतीचा घास घेतला, असा या कादंबरीचा अर्थ लावण्याची आपल्याकडे सवय आहे. पण ट्रॅक्टर आभाळातून पडत नाही. तो मालक विकत घेतो आणि मालकही शेतकरीच आहे. मालकाच्या हिशेबात बैल हा वैरणीचा खर्च आहे. नारबाच्या लेखी तो नातलग आहे. मग यांपैकी कृषिसंस्कृती कोणाची? दोघांचीही म्हणायची, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही.

नारबाची कहाणी त्याच्याच बोलीत, त्याच्याच तोंडून आली, हे यादवांचे मोठे काम आहे. परंतु नारबाच्या जिव्हाळ्याचे कौतुक करताना त्या जिव्हाळ्यामागचे एकाकीपण आपण विसरतो. ज्याला घर नाही, जमीन नाही, तो गोठ्यात नाती शोधतो. सालगड्याच्या या मायेची किंमत सालाच्या ठरावात कधीच धरलेली नसते, फायदा मात्र मालकाला होतो. नारबाच्या दुःखाने आपले डोळे भरतात, पण निर्णय घेण्याचा हक्क एकट्या मालकाचा का, हा प्रश्न आपल्या समीक्षेच्या ओठांवर येत नाही. दुःखाचे सौंदर्य पाहायचे आणि हक्काचा प्रश्न टाळायचा, ही मध्यमवर्गीय रसिकतेची जुनी खोड आहे.

काळ्या आईची ही कल्पना महारवाड्याच्या अनुभवाशी ताडून पाहा. महारांकडे वतनाची जमीन होती. हाडकी-हाडोळा म्हणून ती ओळखली जाई. त्या तुकड्यासाठी गावाची आणि सरकारची वेठ करावी लागे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या गुलामीतून सुटका व्हावी म्हणून. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. जी जमीन माणसाला वेठीला बांधते, तिला आई कसे म्हणावे? आणि तरीही जमीन नको असे दलितांनी कधी म्हटले नाही. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. त्यांची मागणी आईच्या मायेची नव्हती. ती स्वाभिमानाने उभे राहण्याइतक्या जागेची होती. इथे जमीन हे भक्तीचे मूल्य नाही, मुक्तीचे मूल्य आहे.

मूल्ये वेगळी म्हणजे एकजूट अशक्य, असा निष्कर्ष कोणी काढू नये. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला, तेव्हा खोतीविरुद्ध कुणबी आणि महार एकत्र चालले. बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ सालीच मांडले होते. त्या एकजुटीचा पाया मातीचे प्रेम हा नव्हता. खोताची लूट दोघांच्याही पाठीवर होती, हा होता. भेद लपवून एकजूट होत नाही. भेद ओळखून, समान शत्रू नेमका दाखवून ती होते.

हा वाद केवळ साहित्याचा नाही. कर्जमाफी होते ती पीककर्जाच्या खात्यावर. २०१९ साली सुरू झालेला किसान सन्मान निधी मिळतो तो जमीनधारक कुटुंबाला. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, तो सालगडी आणि ती निंदणी करणारी बाई सरकारच्या यादीत शेतकरी ठरत नाहीत. 'आम्ही सारे शेतकरी' ही घोषणा देताना मजुरीचा दर निघाला की सभा शांत होते. शेतमालाचा भाव मागणाऱ्याला श्रमाचा भाव महाग वाटतो. समीक्षेतले एकवचन आणि या यादीतले एकवचन यांचे गोत्र एकच आहे.

म्हणून वर्गात ग्रामीण कादंबरी शिकवणाऱ्या शिक्षकमित्रांना माझे सांगणे आहे : मातीवर प्रेम कोण करतो, हे विचारून थांबू नका. माती कोणाच्या नावावर आहे, राबतो कोण आणि विकण्याचा निर्णय कोणाचा, हेही विद्यार्थ्यांना विचारा.