पाहुणा आणि जोक्कड : दूरचित्रवाणीवरील प्रहसन आणि सीमेपलीकडची 'गंमत'

लोकप्रिय नटाने एखाद्या विनोदी प्रहसनमालिकेचे सूत्रसंचालन एका रात्रीपुरते स्वीकारावे, हा संकेत अमेरिकी दूरचित्रवाणीने रूढ केला. मराठीत या भूमिकेला नेमका शब्द नाही. 'पाहुणा सूत्रधार' म्हणावे, तर सूत्रधार हा मंडळीतला जाणता असतो आणि पाहुणा बाहेरचा. 'पाहुणा यजमान' म्हणावे, तर शब्दातच विसंगती येते. ही अडचण केवळ भाषांतराची नाही. प्रयोगाच्या सीमेवर कोण उभे राहते आणि हसण्याचा परवाना कोणाच्या हाती असतो, याविषयीच्या दोन भिन्न कल्पना तिच्यामागे आहेत. रायपूरहून, म्हणजे मराठी आणि छत्तीसगढी प्रयोगपरंपरा जिथे एकमेकींच्या अंगणात उतरतात त्या प्रदेशातून, या कल्पनांकडे पाहिले, तर दूरचित्रवाणीवरील मराठी विनोदाचे एक वैगुण्य अधिक स्पष्ट दिसते.

'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमाचा पहिला प्रयोग ११ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कहून प्रक्षेपित झाला. निर्माता लॉर्न मायकल्स आणि पहिला यजमान जॉर्ज कार्लिन. लक्षणीय बाब अशी, की कार्लिनने त्या रात्री एकाही प्रहसनात काम केले नाही. तो आपली स्वगते सादर करून बाजूला झाला. पाहुण्याने मंडळीत मिसळून प्रहसनात उतरावे, ही अपेक्षा त्यानंतर घडत गेली. आज या कार्यक्रमाचा आराखडा ठरलेला आहे: आरंभीचे स्वगत, त्यात स्वतःच्या कीर्तीची थट्टा आणि मग दीड तासाच्या थेट प्रक्षेपणात कायमच्या कलावंतांबरोबर भूमिका. तालमीला आठवडाही मिळत नाही आणि चूक झाली तर ती देशासमोर होते. ॲलेक बॉल्डविनसारखा नट सतरा वेळा या जागी उभा राहिला, तो या जोखमीची चटक लागल्याशिवाय नव्हे. २१ जानेवारी २०१७ रोजी अझीझ अन्सारी हा दक्षिण आशियाई वंशाचा पहिला यजमान झाला, तेव्हा या जागेचे सांकेतिक मूल्यही उघड झाले. तिथे उभे राहणे म्हणजे त्या समाजाच्या हास्यात अधिकृत प्रवेश मिळणे होय.

मराठीतील सर्वांत निकटचे उदाहरण 'चला हवा येऊ द्या' या झी मराठीवरील मालिकेचे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेली ही मालिका मार्च २०२४ मध्ये थांबली. या काळात निलेश साबळे हा तिचा दिग्दर्शक आणि सूत्रसंचालक होता. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही मंडळी 'थुकरटवाडी' या कल्पित गावाची रहिवासी. या गावात पाहुणे सतत येत. २०१६ मध्ये 'फॅन' या चित्रपटाच्या निमित्ताने शाहरुख खानही येऊन गेला. परंतु हा पाहुणा येतो तो मुख्यतः प्रेक्षक म्हणून. तो सोफ्यावर बसतो, समोर त्याच्याच चित्रपटाचे विडंबन चालते आणि कॅमेरा विनोदाइतकाच, किंबहुना अधिक, त्याच्या हसण्याकडे वळतो. विनोद जमला की नाही याचा निवाडा पाहुण्याच्या चेहऱ्यावर होतो. सोनी मराठीच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ने हीच रचना परीक्षकाच्या खुर्चीत बसवली. सई ताम्हणकर आणि प्रसाद ओक यांचे हसणे हे तिथे जवळजवळ एक स्वतंत्र पात्र आहे.

अमेरिकी पाहुणा जोखीम पत्करतो, तर मराठी पाहुणा सुरक्षित राहतो, एवढ्यावर थांबणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. सोफ्यावरचा नट हा यजमान नाहीच. तो जुन्या मैफलीतला आश्रयदाता आहे. गावच्या पाटलाने पुढे बाजेवर बसावे आणि सोंगाड्याने त्याच्याकडे पाहत बोलावे, हे चित्र मराठी प्रयोगाला अपरिचित नाही. फरक इतकाच, की सोंगाडा पाटलाला टोला हाणू शके आणि तो टोला सोसणे ही पाटलाच्या मोठेपणाची अट असे. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी आलेल्या पाहुण्याला टोला हाणायचा, तर त्याच्या निर्मात्याचाही विचार करावा लागतो. म्हणून विडंबन पाहुण्याच्या लकबींभोवती घुटमळते. त्याच्या चित्रपटाच्या दर्जापर्यंत सहसा पोहोचत नाही. या मालिकेतील सर्वांत निर्भय भाग विनोदी नव्हताच. अरविंद जगताप यांनी लिहिलेली आणि पोस्टमनच्या वेशात सागर कारंडे याने वाचलेली पत्रे पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणत. त्या काही मिनिटांत सोफा आणि मंच यांतले अंतर खरोखर मिटत असे, हे मान्य करावे लागते.

इथे छत्तीसगढच्या 'नाचा'कडे वळणे आवश्यक ठरते. रात्रभर चालणाऱ्या या प्रयोगात गाणी आणि नृत्ये यांच्या मध्ये जी प्रहसने येतात, त्यांना 'गम्मत' म्हणतात. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. तमाशाचे एक जुने नावच 'गंमत' आणि पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदियाकडची 'खडी गंमत' तर आजही परिचित आहे. वादकांनी उभ्याने साथ करावी हा संकेत नाच्यातही होता. त्याला 'खडे साज' म्हणत. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, तेव्हापासूनच्या संबंधांतून कोणी कोणाला काय दिले, हा वाद रंजक असला तरी येथे दुय्यम आहे. महत्त्वाचे हे, की दोन्हीकडे छोटे प्रहसन हा प्रयोगाचा कणा आहे आणि ते पेलणारा सोंगाडा किंवा जोक्कड हा त्या रात्रीचा खरा सत्ताधीश आहे.

या परंपरेत आश्रयदात्याने बाजेवरून उठून मंचावर जाण्याचे एक विलक्षण उदाहरण सापडते. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे मालगुजार दाऊ दुलारसिंह साव, म्हणजेच दाऊ मंदराजी, यांनी विखुरलेल्या कलावंतांची संघटित मंडळी उभी केली, नाच्यात हार्मोनियम आणली, स्वतः चिकारा वाजवला आणि या छंदापायी आपली मालमत्ता संपवली. प्रतिष्ठित माणूस विनोदाच्या मंडळीत सामील होतो, तेव्हा त्याने काय गमवावे लागते, याचा हिशेब मंदराजींच्या चरित्रात अक्षरशः मालगुजारीच्या भाषेत मांडलेला आहे. ही किंमत दूरचित्रवाणीच्या पाहुण्याकडून कोणी मागत नाही.

दुसरे उदाहरण रायपूरचेच. हबीब तन्वीर यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपुरात झाला. इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९५८ मध्ये काही नाचा कलावंतांना दिल्लीला नेले आणि 'मिट्टी की गाडी'त उभे केले. पण गावात रात्र गाजवणारे हे नट हिंदी संवाद आणि आखलेल्या हालचाली यांत अडकून निष्प्रभ होऊ लागले. कारण उमगायला तन्वीरांना बरीच वर्षे लागली, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. १९७३ मध्ये रायपूरला झालेल्या नाचा कार्यशाळेत तीन पारंपरिक गमती एकत्र गुंफून 'गाँव के नाम ससुराल, मोर नाम दामाद' उभे राहिले. भाषा छत्तीसगढी, हालचाली नटांच्या स्वतःच्या. सुशिक्षित दिग्दर्शक आता आपल्याच शहरात पाहुणा झाला होता. मदनलाल निषाद, फिदाबाई, ठाकुरराम यांच्या वेळेच्या जाणिवेपुढे त्याने आपली आखणी मागे घेतली. १९७५ च्या 'चरणदास चोर'चे आणि १९८२ मध्ये एडिनबरोत त्याला मिळालेल्या 'फ्रिंज फर्स्ट' पारितोषिकाचे मूळ या माघारीत आहे. अर्थात तन्वीरांची संपादक-दृष्टी या माघारीतही जागी होती. गमतीचा पसारा त्यांनी शहरी प्रेक्षकाच्या घड्याळाला बसवला, हा आक्षेप पूर्णतः फेटाळता येत नाही.

स्त्रीपात्रांच्या बाबतीत ही तुलना दूरचित्रवाणीला अधिकच प्रतिकूल ठरते. नाच्यातली 'परी' आणि खडी गंमतीतला नाच्या पुरुषच; पण त्यांचा पदन्यास, गळा, डोक्यावरच्या लोट्यांचा तोल ही साधना असते. प्रेक्षक त्यांच्या पुरुष असण्याला हसत नाहीत, त्यांच्या कौशल्याला दाद देतात. थुकरटवाडीत मात्र पुरुषाने लुगडे नेसणे हाच अनेकदा विनोद होता, आणि कलावंताचा वर्ण व देहयष्टी ही हुकमी भर. भाऊ कदमसारखा नट केवळ एका थांब्याने किंवा नजरेने हशा मिळवू शकत असताना संहितेने त्याच्या रंगाकडे वळावे, यात नटाचा नव्हे, लेखनाचा आळस दिसतो. पाहुणा सोफ्यावर असताना हा आळस वाढतो. कारण त्याला हात लावता येत नाही, म्हणून थट्टा आपसांत वळते. प्रतिष्ठिताला वाचवण्याची किंमत सहकलावंत आपल्या शरीराने चुकवतो.

जुलै २०२५ मध्ये 'चला हवा येऊ द्या' नव्या पर्वासह परतली, तेव्हा साबळे यांच्या जागी अभिजीत खांडकेकर हा मालिकांतून घरोघरी पोहोचलेला नट सूत्रसंचालक म्हणून आला. आवडता नट प्रहसनाच्या उंबरठ्यावर उभा राहण्याची ही मराठीतली स्पष्ट घटना. साबळे स्वतः सोंगे घेत, नक्कल करीत, मंडळीतलेच एक असत. नव्या सूत्रसंचालकाची ओळख त्याच्या नायकपदातून आलेली आहे. त्याला जोक्कडाचा मार खावा लागतो की तो फक्त पुढच्या प्रहसनाची घोषणा करतो, हे या पर्वाच्या समीक्षेने भाग निवडून, प्रहसनागणिक तपासायला हवे. थुकरटवाडीच्या गल्लीत पाहुणे आणि गावकरी यांच्यामधली ती चार पावले कोण चालून जातो, एवढीच नोंद जरी ठेवली, तरी तिची तुलना रवेलीच्या दाऊंशी करता येईल.