ज्ञात शेवटाची पूर्वकथा : 'ब्रेकिंग बॅड' आणि 'बेटर कॉल सॉल'

एखादी मालिका आपला शेवट गाठून पूर्ण झाल्यानंतर तिच्या आरंभापूर्वीच्या काळात शिरून नवी मालिका रचण्याचा प्रघात दूरचित्रवाणीवर आता चांगलाच रुळला आहे. अशा पूर्वकथेविषयी बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : ती मूळ मालिकेच्या तोडीची ठरू शकते काय? प्रश्न स्वाभाविक असला तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे. दोन्ही कृती एकाच मापाने मोजता येतील, असे तो मानून चालतो. वस्तुतः पूर्वकथेचे मूळ कृतीशी असलेले नाते दोन स्वतंत्र कृतींमधील नात्याहून वेगळे असते. कथाकाळाच्या दृष्टीने ती आधीची, तर निर्मितीच्या आणि आस्वादाच्या दृष्टीने नंतरची. या दुहेरी कालस्थितीतूनच तिच्या मर्यादा आणि तिच्या शक्यता निर्माण होतात. त्यामुळे तुलनेचा निकष कोणता असावा, हे आधी ठरवावे लागते.

या दृष्टीने अमेरिकेतील ए.एम.सी. वाहिनीवरील दोन मालिकांचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. विन्स गिलिगन यांची 'ब्रेकिंग बॅड' ही मालिका २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत आणि ६२ भागांत प्रसारित झाली. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की शहरातला रसायनशास्त्राचा एक शिक्षक कर्करोगाचे निदान झाल्यावर अमली पदार्थ बनवू लागतो आणि क्रमाक्रमाने गुन्हेगारी जगाचा सूत्रधार होतो, हे तिचे कथासूत्र. त्यात २००९ साली, दुसऱ्या पर्वात, सॉल गुडमन हा भडक कपड्यांतला, वाचाळ आणि कायद्याच्या पळवाटा विकणारा वकील अवतरतो. बॉब ओडेनकर्क यांनी साकारलेल्या या दुय्यम, मुख्यतः विनोदी पात्राची पूर्वकथा म्हणजे 'बेटर कॉल सॉल'. गिलिगन आणि पीटर गूल्ड यांनी निर्मिलेली ही मालिका २०१५ ते २०२२ या काळात सहा पर्वांत आणि ६३ भागांत प्रसारित झाली.

पूर्वकथेवरचा पहिला आक्षेप कुतूहलाच्या अभावाचा असतो. जिमी मॅकगिल हा होतकरू वकील पुढे सॉल गुडमन होणार, माइक अर्मनट्राउट आणि गस फ्रिंग ही पात्रे या कथेत मरणार नाहीत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. मग पाहण्याजोगे उरते काय? भारतीय नाट्यविचाराला हा आक्षेप फारसा अडचणीचा वाटणार नाही. भरताने नाटकासाठी प्रख्यात वस्तूच मानली आहे. शेवट ठाऊक असल्याने रसास्वादाला बाध येत नाही, उलट 'काय घडेल' या चिंतेतून मोकळा झालेला प्रेक्षक 'कसे घडते' याकडे वळतो. 'उत्तररामचरित'च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. त्या प्रसंगातील करुण पुढे येणाऱ्या त्यागाच्या ज्ञानावरच उभा आहे.

पूर्वकथेचा अधिक नेमका दाखला सोफोक्लिसकडे सापडतो. त्याचे 'अँटिगनी' इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमाराचे. 'ईडिपस अ‍ॅट कोलोनस' मात्र त्याच्या आयुष्याच्या अखेरचे असून त्याच्या मृत्यूनंतर, इसवी सनापूर्वी ४०१ साली रंगभूमीवर आले. कथाकाळ मात्र उलटा आहे. या उत्तरकालीन नाटकात पॉलिनायसीस आपल्या बहिणींना विनवतो की, आपला मृत्यू ओढवलाच तर आपल्याला विधिपूर्वक मूठमाती द्यावी. ही विनवणी अँटिगनीला कोठे नेणार आहे, हे प्रेक्षकाला दशकांपूर्वीच कळून चुकलेले असते. साध्या वाक्याला मृत्यूचे वजन येते ते या ज्ञानामुळे.

असे असले तरी पुराणकथेचा हा न्याय दूरचित्रवाणीला जसाच्या तसा लावता येत नाही. पुराणकथा समूहाच्या मालकीची असते, तिचे पाठभेद संभवतात आणि नाटककाराला तपशिलात मोकळीक असते. मालिकेचा मूळ पाठ मात्र चित्रफितीवर कायमचा स्थिर झालेला असतो. त्यातील प्रत्येक संवाद, प्रत्येक वस्तू पूर्वकथेला बांधून टाकते. सॉलच्या पहिल्याच भागातील एक प्रसंग पाहावा. मुखवटे घातलेले दोघे त्याला वाळवंटात उचलून नेतात, तेव्हा भेदरलेला सॉल इग्नेशियो नावाच्या कुणावर तरी दोष ढकलतो आणि लालो नावाच्या कुणी तरी त्यांना पाठवले आहे की काय, अशी पृच्छा करतो. मूळ मालिकेत ही दोन्ही नावे पुन्हा महत्त्वाची ठरत नाहीत. ती केवळ त्याच्या पूर्वायुष्यातील धोक्याची सूचना देणारी आहेत. पूर्वकथेने या नावांना देह दिले : इग्नेशियो म्हणजे नाचो वार्गा, आणि लालो सालामांका. झेरार झेनेत यांनी 'पालिंप्सेस्त' (१९८२) या ग्रंथात पूर्वकृतीच्या मागे जाणाऱ्या 'अनुलेखना'चा विचार केला आहे. अशा अनुलेखनाला मूळ संहितेतील रिकाम्या जागा हेच भांडवल असते, याचे हे ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

परंतु रिकामी जागा भरणे आणि तिचा अर्थ लावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीस 'पूर्ती' आणि दुसरीस 'पुनर्वाचन' म्हणता येईल. 'बेटर कॉल सॉल'मध्ये या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदतात, आणि तिच्या गुणवत्तेतील चढउताराचे कारणही तेथेच सापडते. अमली पदार्थांच्या टोळ्यांशी संबंधित कथाभाग बराचसा पूर्तीचा आहे. मूळ मालिकेत हेक्टर सालामांका चाकांच्या खुर्चीत जखडलेला आणि घंटीने बोलणारा का होता, भूमिगत प्रयोगशाळा कशी बांधली गेली, यांची उत्तरे येथे मिळतात. उत्तरे चोख आहेत, चित्रणही कसदार आहे. पण हेक्टरचे ते रूप मूळ मालिकेत जितके गूढ आणि भयावह होते, तितके त्याचे कारण कळल्याने होत नाही. कारणाने माहिती वाढते, अनुभव मात्र फारसा बदलत नाही.

याउलट जिमी आणि त्याचा थोरला भाऊ चक यांच्या नात्याला मूळ मालिकेत कसलाही आधार नाही. चक हा नामांकित वकील. विद्युत उपकरणांमुळे आपल्याला असह्य पीडा होते, या धारणेने त्याने घरातील वीज बंद केलेली असते. जिमी त्याची निष्ठेने सेवा करतो. पहिल्या पर्वाच्या अखेरीकडे उघड होते की, जिमीला आपल्या संस्थेत वकील म्हणून घेऊ नये, हा निर्णय चकचाच होता आणि त्याने तो दुसऱ्याच्या आडून अमलात आणला होता. धाकट्या भावाला कायद्याची पवित्रता पेलणार नाही, ही चकची खात्री असते. ही खात्री जिमीच्या पतनाचे भाकीत आहे की कारण, याचा निवाडा मालिका करीत नाही, आणि तेथेच तिची व्यामिश्रता आहे.

२०१७ साली प्रसारित झालेला तिसऱ्या पर्वाचा अंतिम भाग या दोन प्रवृत्तींमधील अंतर एकाच वेळी दाखवतो. त्यात हेक्टर कोसळतो, आणि त्याच भागात सर्वस्व गमावलेला चक टेबलावरचा पेटता कंदील लाथेने ढकलत राहतो. पहिली घटना प्रेक्षकाला अपेक्षित होती, तिने मूळ मालिकेतील एक चौकट पूर्ण केली. दुसरीची वाच्यताही मूळ मालिकेत नव्हती, तरीही तिच्यानंतर सॉलचा बेफिकीर विनोद पूर्वीसारखा ऐकू येत नाही. पूर्वकथेचे सामर्थ्य मूळ कृती जेथे बोलली तेथे कमी आणि जेथे गप्प राहिली तेथे अधिक प्रकट होते, असे यावरून म्हणता येते.

या मौनाचा सर्वांत समर्थ उपयोग किम वेक्सलर या व्यक्तिरेखेत झाला आहे. ऱ्हीया सीहॉर्न यांनी साकारलेली किम ही जिमीची सहकारी, मैत्रीण आणि पुढे पत्नी. मूळ मालिकेत ती नाही, तिचा उल्लेखही नाही. ज्ञात पात्रांच्या बाबतीत प्रेक्षक निर्धास्त असतो, किमच्या बाबतीत मात्र त्याला काहीच ठाऊक नसते. ती मरणार की निघून जाणार, हा प्रश्न सहा पर्वे टांगता राहतो. अनुपस्थिती हीच येथे नियती होते. शिवाय तिच्यामुळे मूळ मालिकेचे वाचन मागाहून बदलते. सॉलच्या कार्यालयातील भडक सजावट, त्याची अखंड बडबड, स्त्रियांविषयीची त्याची उथळ शेरेबाजी यांच्यामागे कुणाची तरी रिकामी जागा आहे, असे आता जाणवू लागते. मूळ मालिकेतला एकही शब्द न बदलता घडलेले हे परिवर्तन आहे.

पूर्वकथेच्या रचनेतील सर्वांत धाडसी निर्णयही याच संदर्भात पाहावा लागतो. जिमी सॉल कसा झाला, हा मालिकेचा घोषित विषय. सहाव्या पर्वात जिमी आणि किम यांनी हॉवर्ड हॅम्लिन या सहव्यावसायिकाची बदनामी घडवून आणली असताना लालोच्या हातून हॉवर्डचा अकारण खून होतो. किम वकिली सोडते आणि जिमीलाही सोडून जाते. पुढच्याच दृश्यात आलिशान घरात जागा होणारा, पूर्णतः सॉल झालेला माणूस दिसतो. ज्याची प्रतीक्षा वर्षानुवर्षे चालली होती, तो रूपांतराचा क्षण एका कालविलोपात नाहीसा केला आहे. पूर्तीच्या न्यायाने पाहता ही फसवणूक ठरेल. पुनर्वाचनाच्या न्यायाने मात्र हा विलोपच उत्तर आहे : सॉल म्हणजे काही घडणे नसून घडलेल्याकडे पाहण्याचे नाकारणे आहे.

येथे प्रश्न केवळ रूपबंधाचा राहत नाही, प्रेक्षकाच्या नैतिक भूमिकेचाही होतो. मूळ मालिकेत सॉल आपल्या पहिल्याच भागात, पकडल्या गेलेल्या एका किरकोळ विक्रेत्याचा तुरुंगातच काटा काढावा, असे सहजपणे सुचवतो. त्या सुचवणीला हसू येते, कारण सॉल हे विनोदी पात्र असते आणि विनोदी पात्राला भूतकाळ नसतो. पूर्वकथा हा भूतकाळ देते आणि त्या हसण्याचा हिशेब मागते. सहाव्या पर्वातील एका प्रसंगात घटस्फोटाच्या कागदांवर सही करून बाहेर पडलेली किम पावसाचा आडोसा धरून उभी असताना तिची गाठ मूळ मालिकेतील तरुण जेसीशी पडते. हा वकील चांगला आहे का, असे तो विचारतो. आपल्या परिचयाच्या काळात तो चांगला होता, अशा आशयाचे उत्तर ती देते. जेसीचे पुढे काय होणार हे प्रेक्षक जाणतो, किम जाणत नाही. कोलोनसच्या नाटकात ऐकू येणारा उपरोध तो हाच.

तथापि या यशाला मर्यादा आहेत, आणि त्या नजरेआड करणे योग्य नव्हे. कादंबरीतील पात्र मागच्या काळात नेताना तरुण होऊ शकते, नटाचा देह होत नाही. मूळ मालिकेच्या सहा वर्षे आधीच्या काळात वावरणारी माणसे पडद्यावर अधिक वयस्क दिसतात. माध्यमाने लादलेली ही विसंगती अभिनयाने सह्य होते, नाहीशी होत नाही. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मालिकेच्या आरंभापासून कृष्णधवल दृश्यांचा एक धागा चालतो. त्यात ओमाहा शहरातील मिठाईच्या दुकानात नाव बदलून राहणारा, मूळ मालिकेनंतरचा सॉल दिसतो. शेवटचे भाग बव्हंशी याच काळात घडतात. पकडला गेल्यावर वाक्चातुर्याच्या बळावर सुमारे सात वर्षांच्या शिक्षेचा सौदा पदरात पाडून घेतलेला सॉल किमच्या उपस्थितीत भर न्यायालयात आपली जबाबदारी मान्य करतो. आरोपपत्रात नसलेल्या, कायद्याने गुन्हाही न ठरणाऱ्या चकच्या प्रकरणाची कबुली देतो, आपले मूळ नाव परत मागतो आणि ८६ वर्षांची शिक्षा स्वीकारतो. मालिकेचे नैतिक शिखर असलेला हा प्रसंग काटेकोरपणे पाहता पूर्वकथेचा भागच नाही, तो उत्तरकथेचा आहे. पूर्वकथेला स्वतःचा शेवट नसतो, ती मूळ कृतीच्या उंबरठ्यावर थांबण्यास बांधलेली असते. स्वतःचा शेवट मिळवण्यासाठी 'बेटर कॉल सॉल'ला मूळ मालिका ओलांडून पलीकडे जावे लागले, हे तिच्या कर्त्यांचे कौशल्य आहे आणि या प्रकाराच्या अपुरेपणाची कबुलीही.

टी. एस. एलियट यांनी १९१९ साली परंपरेविषयी मांडलेला विचार असा की, खरोखर नवी कृती अवतरते तेव्हा तिच्या आधीच्या सर्व कृतींची परस्परव्यवस्था किंचित बदलते. पूर्वकथेच्या बाबतीत हा विचार निकष म्हणून वापरता येतो. ती मूळ मालिकेइतकी थोर आहे काय, या प्रश्नाला उत्तर शोधू पाहणारी चर्चा बहुधा आवडीनिवडीत अडकते. तिच्यानंतर मूळ मालिका पूर्वीसारखी पाहता येते काय, हा प्रश्न मात्र पाठाच्या आधारे तपासता येतो. हेक्टरच्या खुर्चीकडे पूर्वीच्याच नजरेने पाहता येते, म्हणून तेवढ्यापुरती ही पूर्वकथा कुशल पुरवणी ठरते. वाळवंटात गुडघ्यांवर बसून लालोचे नाव घेणाऱ्या सॉलकडे मात्र तसे पाहता येत नाही. २००९ साली त्या भीतीला हसू आले होते. आता त्या नावामागे हॉवर्डचे प्रेत आणि किमचे निघून जाणे दिसते. दृश्य तेच आहे, पण प्रेक्षक तो राहिलेला नाही.